बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातून) घरी आणि घरून परत: मॉर्फिनवरच्या पेशंटची माहिती वाटेत हरवू नये म्हणून काय काय करायचं

मामंजींच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या मागे, एक पारदर्शक पट्टी होती. फेंटानिलचा पॅच, 25 चा, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीचं दुखण्यावरचं औषध कातडीतून हळूहळू सोडणारी पट्टी. मोठ्या हॉस्पिटलातून त्यांना घराजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममधे हलवलं तेव्हा डिस्चार्ज कार्डावर नुसतं "फेंटानिल पॅच 25" एवढंच होतं, कुठे लावलाय, कधी लावलाय, काही नाही. तिथल्या सिस्टरने विचारलं पॅच आणलाय का, मी पिशवीतून काढून दिला, तिने छातीवर लावला. पाठीवरचा आदल्या संध्याकाळचा तसाच. वर रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम. सकाळी चहाला हाक मारली तर उठेनात, श्वास मोजला तर मिनिटाला 7. स्पंजिंग करताना आयाबाईने दुसरा पॅच बघितला म्हणून कळलं तरी. दोन्ही काढले, ऑक्सिजन, नॅलोक्सोन (या औषधांचा असर उलटवणारं इंजेक्शन), आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माणूस परत बोलायला लागला.

आता यात दोष कोणाला द्यायचा? मी स्वतः स्टाफ नर्स, 24 वर्षं वॉर्डात काढलेली, आणि तो दुसरा पॅच माझ्याच हाताने दिलेला. तेव्हापासून मी वाड्यावर कोणाचाही पेशंट एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणार असेल तर कागद-पेन घेऊन बसते. तेच इथे सविस्तर लिहितेय. कार्डावर असतं ते डॉक्टरांनी सांगितलेलं औषध. पेशंटच्या अंगात आत्ता या क्षणी किती आहे आणि पुढचं कोण देणार, हे कार्डावर बहुतेक वेळा नसतंच. आणि दोन्ही ठिकाणी हजर असलेला एकमेव माणूस म्हणजे घरचा माणूस, डॉक्टर बदलतात, सिस्टर बदलतात, आपण तेच.

आदल्या दिवशी विचारा, ॲम्ब्युलन्स दारात असताना नको

आपल्याकडे डिस्चार्जचं कसं असतं माहितीये ना, सकाळच्या राउंडला "आज घरी" म्हणतात, कार्ड हातात यायला दुपार होते, तोवर गाडीवाला तीन फोन करतो, आणि मग सिस्टर औषधं समजावत असते आणि आपलं लक्ष खाली लिफ्टकडे. म्हणून आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवायचं. हे ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल वगैरे, कशासाठी चालू आहे आणि कधीपर्यंत? हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण उत्तरावर बाकी सगळं अवलंबून आहे. ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी असेल तर त्याला शेवटची तारीख हवी, किती दिवस, मग कसं कमी करायचं, मग बंद. कॅन्सरच्या दुखण्यासाठी असेल तर शेवटची तारीख नसते, उलट ते अचानक बंद पडू नये हीच काळजी. मी दोन्हीकडची गडबड बघितलीय. गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्या काकू चार महिने ट्रामाडॉल घेतायत, कारण कोणी थांबा म्हटलंच नाही, आणि कॅन्सरवाल्याची मॉर्फिन पुढच्या डॉक्टरने "ही कशाला, साधी पॅरासिटामॉल द्या" म्हणून काढून टाकली.

दुसरा प्रश्न, पुढचं प्रिस्क्रिप्शन कोण लिहिणार. यावर खाली वेगळं लिहिलंय कारण खरी अडचण तिथे आहे.

एका पानाचा कागद

वहीचं पान चालतं, पण एकच पान, दोन्ही बाजूंनी नको, कारण मागची बाजू कोणी उलटत नाही. त्याचा फोटो घरच्या दोघांच्या मोबाईलवर.

समजा डिचोलीची एक काकी आहे, ब्रेस्ट कॅन्सर, हाडांत पसरलेला. तिच्या कार्डावर मॉर्फिन 10 एमजी दर 4 तासांनी असं लिहिलंय, तेही इंग्रजी आद्याक्षरांत, जे घरी कोणालाच कळणार नाही. कागदावर ते असं उतरवायचं: सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 ला एकेक गोळी, रात्री 10 ला दोन. रात्री दोन का, तर पहाटे 2 ला उठवायला लागू नये म्हणून. ही पद्धत डॉक्टरच ठरवतात, पण ठरलेली असेल तर लिहा, नाहीतर नवीन सिस्टरला वाटतं चूक झालीय आणि ती एकच देते, मग काकी पहाटे तीनला कण्हत उठते. एकूण दिवसाचे 60 एमजी.

आता खरी गोष्ट. काकीला मधेच दुखलं तर एसओएस म्हणून आणखी 10 ची गोळी सांगितलीय (साधारण दिवसाच्या एकूण डोसच्या सहाव्या भागाएवढी एसओएस देतात). काल तिने अशा तीन घेतल्या. म्हणजे कार्डावर 60 आणि पोटात 90. पुढच्या ठिकाणचा डॉक्टर 60 वाचून 60 चालू करणार आणि काकी रात्रभर तळमळणार, किंवा कोणी उलटा विचार करून ती नाटक करतेय म्हणणार. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात: मागच्या 24 तासांत प्रत्यक्ष किती. आणि उलटंही होतं हां, कार्डावर 60 पण काकी घाबरून दिवसाला दोनच गोळ्या घेत असेल, मग वॉर्डात कोणी एकदम पूर्ण 60 दिलं तर ती गुंगीत जाईल. खरं तेच लिहा, सासूला वाईट वाटेल किंवा डॉक्टर रागावतील म्हणून आकडा बदलू नका.

त्याखाली शेवटचा डोस किती वाजता दिला, आणि पुढचा किती वाजता आहे. हे दोन आकडे निघायच्या क्षणी भरायचे.

गोळीच्या नावापुढचं "एसआर" विसरू नका. एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी, ती 12 तासांनी असते, साधी 4 तासांनी. कागदावरून कागदावर उतरवताना ही दोन अक्षरं गळतात आणि मग एसआर गोळी 4-4 तासांनी द्यायला लागतात, किंवा साधी गोळी 12 तासांनी, आणि पेशंट आठ तास दुखण्यात. रिकामी स्ट्रिप कागदाला स्टेपल करून टाका, वाद मिटतो. आणि एसआर गोळी कुटून नळीतून द्यायची नाही, नाकात नळी असलेला पेशंट असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्या.

इंजेक्शन असेल तर एमजीमधेच लिहून मागा. "अर्धा अँप्युल" ही भाषा मी स्वतः वर्षानुवर्षं वापरली, पण मॉर्फिनचे अँप्युल 10 चेही येतात आणि 15 चेही, मग अर्धा म्हणजे किती?

बाकीच्या ओळी पटापट: क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती आणि कोणत्या तारखेचं (किडनी मंदावली की मॉर्फिनचे उरलेले घटक अंगात साठतात, माणूस गुंगतो, हातपाय झटके देतात). झोपेच्या गोळ्या, प्रेगाबालिन, गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्याच्या गोळ्या), मानसिक आजाराची औषधं, सगळी. ट्रामाडॉलबरोबर डिप्रेशनच्या काही गोळ्या जमत नाहीत, फिट येऊ शकते. आधी फिट यायची का तेही. आणि दारू. आपल्या गोव्यात हा प्रश्न लाजून विचारत नाहीत आणि विचारला तर उत्तर मिळतं "कधीतरी, सणाला". एप्रिल-मेमधे हुर्राकचा (काजूच्या ताज्या दारूचा) सीझन असतो, संध्याकाळी अर्धा ग्लास म्हणजे यांच्या लेखी दारू नव्हेच. मॉर्फिन आणि फेणी एकत्र म्हणजे श्वास मंदावायला आमंत्रण. लिहा, कोणी चव्हाट्यावर लावणार नाहीये ते.

इंजेक्शन, गोळी, पॅच: आकडे बदलतात तेव्हा

वॉर्डात शिरेतून मॉर्फिन दिवसाला 20 एमजी होतं आणि घरी जाताना गोळ्या 60 च्या दिल्या, की घरचे हबकतात, तिप्पट केलं म्हणून. तिप्पट नाही ते, तोंडाने घेतलेलं बरंचसं लिव्हरमधेच खर्च होतं, म्हणून साधारण तीनास एक असा हिशोब. पण उलट दिशेने हीच गोष्ट जीवघेणी आहे, घरी 60 च्या गोळ्या घेणाऱ्याला ॲडमिट केल्यावर कोणी 60 चं इंजेक्शन लिहिलं तर मोठ्याने विचारा, "हे गोळीचे 60 होते, इंजेक्शनचे नव्हे." हिशोब आपण करायचा नाही, आपण फक्त "गोळी" की "इंजेक्शन" हा शब्द सोडायचा नाही. एका औषधावरून दुसऱ्यावर जातानाही डॉक्टर हिशोबापेक्षा पाव ते अर्धा कमीच सुरू करतात, ती कंजूषी नाही, सेफ्टी आहे.

पॅचबद्दल मी हात धरून सांगीन. फेंटानिलचा 25 चा पॅच म्हणजे तासाला 25 मायक्रोग्रॅम, ऐकायला एवढंसं, पण तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या दिवसाला साधारण 60 ते 90 एमजीच्या तोलाचं औषध आहे ते. कागदावर बाहुलीसारखं चित्र काढा, पुढून आणि मागून, आणि पॅच आहे तिथे फुली. लावल्याची तारीख-वेळ, बदलायची तारीख-वेळ. फेंटानिल 3 दिवसांनी बदलतात, ब्युप्रेनॉर्फिनचा बहुतेक 7 दिवसांनी, नाव नीट बघा. नवीन ठिकाणी पोचल्यावर सिस्टरबरोबर कपडे सरकवून अंगभर शोधायचं, पाठ, दंड, मांडीसुद्धा. नवीन पॅचचा पूर्ण असर यायला 12 ते 24 तास लागतात आणि काढल्यावरही औषध दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ अंगात राहतं, त्यामुळे "आता तर काढला, मग इंजेक्शन देऊया पूर्ण" असं होत नाही. आणि उष्णता: गरम पाण्याची पिशवी, ताप, मे महिन्यात पर्वरीच्या ट्रॅफिकमधे बंद एसीची गाडी, याने पॅचमधून औषध जास्त वेगाने आत जातं.

एक औषध खास नाव घेऊन सांगते, पेंटाझोसिन, ज्याला सगळे फोर्टविन म्हणून ओळखतात. छोट्या दवाखान्यांत दुखतंय म्हटलं की अजूनही हे इंजेक्शन निघतं. रोज मॉर्फिन घेणाऱ्याला हे दिलं तर मॉर्फिनचा असर उलटा फिरतो, दुखणं वाढतं, घाम, कापरं, उलट्या. कागदावर लाल पेनाने, "मॉर्फिन चालू आहे, पेंटाझोसिन देऊ नये". भावाच्या शेजारणीला या एका ओळीने वाचवलंय.

पुढची स्ट्रिप कोण देणार

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या फार्मसीत मिळत नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली (नशेच्या औषधांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) ते येतं, 2014 मधे कायदा सुधारून मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन यांना अत्यावश्यक नार्कोटिक औषधं म्हणून वेगळी वाट केली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधून ती मिळायची सोय झाली. ट्रामाडॉलही 2018 पासून एनडीपीएसमधे आलंय, म्हणून फार्मसीवाला पहिल्यासारखं सहज देत नाही, तो आडमुठा नाहीये.

त्यामुळे निघण्याआधी या चार गोष्टी हव्यात: किती गोळ्या दिल्या, किती दिवस पुरतील (एसओएस धरून मोजा, नाहीतर 10 दिवसांचा साठा सातव्या दिवशी संपतो), संपायची तारीख, आणि त्या तारखेच्या 3 दिवस आधी कुठे जायचं. जिथे जाणार आहात तिथे मॉर्फिन असतं का हे फोन करूनच विचारा, गृहीत धरू नका, मोठं हॉस्पिटल म्हणजे असणारच असं नाही आणि छोटं म्हणजे नसणारच असंही नाही. वाळपई, काणकोण, पेडण्याची माणसं दर वेळी बांबोळी गाठायची म्हणजे अख्खा दिवस जातो, त्यात सिंधुदुर्गातून, बांद्याहून, दोडामार्गहून येणारे तर राज्य ओलांडून. म्हणून गोमेकॉतल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, जवळच्या सरकारी हॉस्पिटलात म्हापसा, मडगाव, फोंडा कुठे मिळेल का, आणि पेशंटला न आणता नातेवाईकाने कागद दाखवून औषध न्यायची सोय आहे का.

आणि कॅलेंडर बघा. चवथीच्या आठवड्यात आख्खा गोवा घरी असतो. साठा चवथीच्या तिसऱ्या दिवशी संपणार असेल तर आधीच्या आठवड्यात जाऊन आणा. मॉर्फिन एकदम तुटली तर फक्त दुखणं परत येत नाही, नाक गळतं, जांभया, घाम, जुलाब, पोटात कळा, झोप नाही, आणि घरच्यांना वाटतं दुसराच काही आजार झाला.

फोनवर काय बोलायचं

कागद पाठवणं वेगळं आणि बोलणं वेगळं. जिथे पेशंट जाणार तिथल्या डॉक्टरांशी इथल्या डॉक्टरांनी बोलावं हे उत्तम, तशी विनंती करा, नाही जमलं तर आपण करायचा. लांबण नको, कोणाला कधी दुखायला लागलं त्याची गोष्ट नको. मी काकीच्या मुलाला असं घोकून घ्यायला लावलं असतं:

"डॉक्टर, माझी आई उद्या दुपारी तुमच्याकडे येतेय. ब्रेस्ट कॅन्सर, हाडांत पसरलाय. मॉर्फिनची साधी गोळी 10 ची, एसआर नव्हे, चार वेळा एक आणि रात्री दोन. काल एसओएस तीन लागल्या, म्हणजे 24 तासांत 90, सगळं तोंडाने. शेवटचा डोस निघताना 10 वाजता दिलेला असेल, पुढचा 2 ला. क्रिएटिनिन 1.1, मंगळवारचं. पॅच नाही. गोळ्या 6 दिवसांच्या आहेत. 2 चा डोस तुमच्याकडे देता येईल का, की आम्ही वाटेत देऊ?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण ॲडमिशनच्या कागदपत्रांत तीन तास सहज जातात आणि तो डोस कोणाचाच नसतो. आणि समोरच्याला म्हणा, एकदा वाचून दाखवता का काय लिहिलं ते. थोडं ऑकवर्ड वाटतं. वाटू दे.

"ड्रग्ज" या शब्दाचं काय करायचं तेही सांगते. आपल्याकडे पेपरात रोज किनाऱ्यावर छापा, इतके ग्रॅम पकडले, त्यामुळे आजीला मॉर्फिन म्हटलं की ती म्हणते अफू नको गो बाय मला, आणि नातू गंमत म्हणून सांगत सुटतो. दुखण्यासाठी नियमाने औषध घेणं आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अंगाला सवय होणं म्हणजेही व्यसन नव्हे, हे घरात एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. पण आधी खरंच व्यसनाचा इतिहास असेल तर तो लपवू नका, डॉक्टर मग कमी दिवसांचा साठा देतील, गोळ्या कोण सांभाळणार ते ठरवतील, दुखणं काही वाऱ्यावर सोडत नाहीत.

वाटेत

गोळ्या डिकीतल्या बॅगेत नको, हातातल्या पर्समधे, मूळ स्ट्रिपमधे, प्रिस्क्रिप्शनच्या झेरॉक्ससकट. डबीत सुट्ट्या नको. मुंबईला परळला टाटाला नेत असाल, किंवा बेळगावला, तर राज्याबाहेर हा कागद जास्तच कामाचा. कोकण रेल्वेने रात्रभराचा प्रवास असेल तर मोबाईलवर डोसांचे अलार्म लावून ठेवा. खड्ड्यांच्या रस्त्याने जाणार असाल तर निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एसओएस द्यायची का हे विचारून ठेवा.

पोचल्यावर पहिले दोन दिवस

माणूस हाकेला उठतो का, उठून सरळ बोलतो का, आणि झोपेत श्वास मिनिटाला किती, पूर्ण मिनिट मोजायचं. 8 च्या खाली, हलवूनही उठत नाही, घशात वेगळीच घरघर, ओठ निळसर, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, तर पुढचा डोस नाही आणि 108 ला (ॲम्ब्युलन्सला) फोन. पॅच असेल तर काढून टाका, काढल्याची वेळ लिहा, आणि फोनवर आधीच सांगा मॉर्फिनवर आहे म्हणजे ते नॅलोक्सोनच्या तयारीने येतील. (शेवटच्या दिवसांतला पेशंट असेल, घरीच ठेवायचं ठरलं असेल, तर हे गणित वेगळं, ते डॉक्टरांशी आधीच बोलून कागदावर लिहून ठेवा. लोटलीच्या शांती आवेदना सदनसारख्या (शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटची काळजी घेणाऱ्या) ठिकाणी नेत असाल तर त्यांनाही.)

मळमळ आणि थोडी गुंगी पहिले काही दिवस असते, ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही, मॉर्फिन आहे तोवर ती आहे. कार्डावर जुलाबाचं औषध नसेल तर मागून घ्या, बिसाकोडिल, सेना (सोनामुखी) असं काहीतरी रोजचं. इसबगोल यावर चांगलं नाही, पाणी कमी पिणाऱ्याच्या आतड्यात त्याचा गोळा होतो. तीन दिवस शौचाला झालं नाही म्हणून गोळ्याच बंद केल्या, असं खूप घरांत होतं, आणि मग पेशंट परत कॅज्युअल्टीत.

परत ॲडमिट करायची वेळ आली तर सगळं उलटं: तोच कागद, आजच्या तारखेने ताजा केलेला, सगळ्या स्ट्रिपा, आणि नाईट ड्युटीच्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात "रोज मॉर्फिन घेतात, इतकी, शेवटची अमुक वाजता".

उरलेलं

घरात गोळ्या कपाटात, कुलूप, चावी एकाकडे, रोज मोजणी कागदावर. डोस बदलला की जुन्या ताकदीच्या स्ट्रिपा वेगळ्या पाकिटात बांधून पुढच्या फेरीत जिथून आणल्या तिथे परत द्या. माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत कोणाला सुचत नाही हे मला कळतं, पण त्या गोळ्या शेजारच्या कंबरदुखीवाल्याला "पडून आहेत, घ्या" म्हणून द्यायच्या नाहीत, आमच्या वाड्यावर एकाने दिल्या होत्या. वापरून काढलेल्या पॅचमधेही बरंच औषध शिल्लक असतं, तो चिकट बाजू आत घेऊन घडी करायचा, मुलांच्या आणि कुत्र्याच्या हाती लागणार नाही असा बंद डब्यात, आणि काढल्याची वेळ कागदावरच्या त्या बाहुलीच्या चित्राशेजारी लगेच लिहायची, नवीन लावायच्या आधी.